चावे म्हणजे चावी

धाकट्या बहिणीचं बाळंतपण स्पेनमध्येच करायचं ठरलं आणि आईचे गुडघे काही विमानात बसू देणारे नव्हते, त्यामुळे मी जायचं हे न बोलताच ठरून गेलं. व्हिसा ९० दिवसांचा, मे ते जुलै. आम्ही रेवदंड्याचे कोळी, घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो, आई अजून चौलच्या बाजारात शिवल्या आणि कालवं घेऊन बसते, आणि मी त्याआधी गोव्याच्या पुढे कुठे गेले नव्हते.

मोबाईलवर एक ॲप टाकलं आणि जेवणं आटपली की रोज अर्धा तास स्पॅनिश करायला लागले. दोन महिन्यांत काय आलं तर नमस्कार, धन्यवाद, केवढ्याला, सावकाश बोला, मला समजलं नाही, ह्याला काय म्हणतात, आणि शंभरपर्यंत आकडे. आकडे पटकन बसले त्याला कारण आहे. शाळेत माझ्या बाकावर कोर्लईची मैत्रीण होती. कोर्लई म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशी पलीकडच्या बाजूचं गाव, आमच्या किनाऱ्यावरून तिथला किल्ला समोर दिसतो. पोर्तुगीज चौल-कोर्लई सोडून गेले १७४० ला, पण कोर्लईची ख्रिश्चन वस्ती अजून घरात पोर्तुगीजपासून झालेली आपली वेगळी बोली बोलते, बोलणारे असतील जेमतेम हजारभर. त्या मैत्रिणीने डब्याच्या सुट्टीत मला दहापर्यंत मोजायला शिकवलं होतं आणि पंचवीस वर्षांनी ॲपवरची बाई मोजायला लागली तेव्हा कानाला ते नवीन वाटलंच नाही.

बहीण राहते मोआन्याला. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया म्हणून प्रांत आहे, तिथे विगो हे मोठं मासेमारी बंदर, आणि विगोच्या समोर खाडीच्या पलीकडे मोआन्या. आमचे जावई रोज बोटीने विगोला कामाला जातात, अगदी आपण रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जायचो तसं, आणि ती बोट पाहिली तेव्हाच मला जरा धीर आला. खाडीत जिकडे बघाल तिकडे लाकडी तराफे. नीलगिरीच्या लाकडाची चौकट आणि तिच्याखाली बारा-बारा मीटरचे दोर सोडलेले, एका तराफ्याला पाचशेपर्यंत, आणि त्या दोरांवर शिणाण्यांसारख्या काळ्या शिंपल्यांची शेती. पहिल्या दिवशी मी खिडकीतून तासभर तेच बघत बसले.

आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ॲपवर शिकलेलं इथे कोण बोलतच नाही. म्हणजे स्पॅनिश सगळ्यांना येतं, पण गावातली माणसं आपापसात गालेगो बोलतात, ती त्यांची स्वतःची भाषा, पोर्तुगीजच्या सख्ख्या बहिणीसारखी. मी दुकानात "बुएनोस दियास" म्हणायची, समोरून यायचं "बो दिया". मी एक वाक्य जुळवून बोलायची आणि उत्तर आलं की त्यातला एक शब्द ओळखीचा नाही. पहिले आठ-दहा दिवस मी दूध-ब्रेड आणायला जायची, बोटाने दाखवायची, पैसे पुढे करायची आणि घरी यायची. बहीण म्हणायची अगं बोल ना, हसत नाही कोण, पण तिचे दिवस भरत आलेले, तिच्याजवळ ह्या गोष्टीचं रडगाणं कुठे गायचं.

ते बदललं एका दरवाजामुळे. बहीण आणि जावई तपासणीला गेलेले, मी कचरा टाकायला खाली उतरले आणि दार मागे ओढलं गेलं, तिथली दारं ओढली की बंद होतात, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. दुसरी किल्ली तळमजल्यावरच्या म्हातारीकडे असते हे बहिणीने सांगून ठेवलेलं. मी जाऊन तिचं दार वाजवलं आणि ॲपवरचा शब्द म्हटला, "यावे". ती जरा माझ्याकडे बघत राहिली. मी हाताने कुलूप फिरवून दाखवलं. तर ती म्हणाली, "आह! आ चावे!"

चावे. चावी! मी तिथेच जोरात "चावी, चावी" म्हणाले आणि तिने पण "चावी" म्हणून बघितलं, मग स्वतःचं "चावे" म्हणाली, मग परत माझं. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला शब्द, रोज शंभरदा तोंडात असतो, आणि त्याची बहीण ह्या गावात तळमजल्यावर राहत होती.

त्या दुपारी मी वही काढली आणि शोधायला बसले. स्पॅनिशमध्ये जिथे "या"ने शब्द सुरू होतो तिथे गालेगोत बऱ्याचदा "चा" येतो. ॲपवर "कोमो से यामा एस्तो", ह्याला काय म्हणतात, ते इथे "कोमो से चामा इस्तो". पाऊस पडतोय हे तिथे "युएवे" आणि इथे "चोवे". बादलीला बालदे. पैसे देणे म्हणजे पागार, आपला पगार. टेबल म्हणजे मेसा, शर्ट म्हणजे कामिसा, साबण म्हणजे शाबोन. कोबीला एक शब्द कोउवे. शब्द मिळाले म्हणून भाषा आली असं नाही होत, पण त्या दिवसानंतर मी लोकांच्या तोंडाकडे बघून घाबरायची थांबले आणि कान देऊन ऐकायला लागले, कधी आपला एखादा शब्द येतो ह्याची वाट बघत.

आजीला तिकडे अवोआ म्हणतात, मी तळमजल्यावरच्या त्या म्हातारीला तेच म्हणायला लागले. वय असेल सत्तरीच्या पुढे, पाठीत वाकलेली, हात बघितले आणि मला कळलं हिने काय काम केलंय. बोटांची पेरं जाड, नखांच्या कडा झिजलेल्या, आईच्या हातांसारखे हात. तिने आयुष्यभर ओहोटीला वाळूतून शिंपल्या काढल्या होत्या आणि आता तिची सून तेच काम करत होती.

दुसऱ्या दिवशी अवोआ मला किनाऱ्यावर घेऊन गेली. पाणी लांब मागे सरलेलं, आणि ओल्या वाळूत पन्नासएक बायका गुडघाभर रबरी बूट घालून वाकलेल्या, हातात लांब दांड्याचा दाताळ्यासारखा खोऱ्या, शेजारी बालदे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि मी काही विचार न करता चप्पल काढून पाण्यात उतरले आणि पायाने वाळू चाचपायला लागले, आपल्याकडे शिवल्या पायालाच आधी लागतात, आणि एक लागली पण, ती मी उचलून वर धरली. तिकडून एक माणूस ओरडत आला, "नोन से पोदे!" म्हणजे चालत नाही. मी तशीच उभी. अवोआने पुढे होऊन त्याला काहीतरी सांगितलं, मग माझ्या हातातली शिंपली घेऊन परत वाळूत ठेवली, आणि सुनेला हाक मारून तिच्याकडचं फोटोचं कार्ड मागवून मला दाखवलं. मग बोटं मोडून समजावलं. कार्ड असेल तिनेच काढायच्या. दिवस ठरलेले. रोज किती काढायच्या तेही ठरलेलं. आणि एक छोटी पट्टी दाखवली, तिच्यातून मापून बघायचं, लहान असेल तर परत वाळूत. हे सगळं मच्छीमारांची संस्था बघते, कोफ्रादिया म्हणतात तिला, आणि पायी शिंपल्या काढणाऱ्यांत जास्त करून बायकाच. मला ते फार आवडलं. आमच्याकडे खाडीत कोण येतं, किती नेतं, बोटाएवढी पिल्लं पण ओरबाडून नेतात, आई किती वर्षं हे बोलतेय आणि तिचं ऐकायला कोणी नाही.

तेव्हापासून मी ओहोटीच्या वेळेला जायची, वाळूत हात न घालता. काठावर बसायची. कोणाचं जॅकेट सांभाळायची, कोणाचा थर्मास. सुरुवातीला त्या मला ओळख देऊन कामाला लागायच्या, पाचव्या-सहाव्या दिवशी मी गेले नाही तर दुसऱ्या दिवशी दोघीतिघींनी विचारलं, काल का नाही आलीस, असं काहीतरी, वाक्य कळलं नाही पण कालचा शब्द आणि भुवया कळल्या. माझ्या अनुभवाने सांगते, रोज त्याच जागी त्याच वेळेला जाऊन बसण्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा ॲपच्या पन्नास धड्यांचा नाही झाला. माणसं तुमच्या भाषेला नाही, तुमच्या येण्याला सवयीची होतात आणि मग बोलायला लागतात.

वेळेचा एक गोंधळ होता. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, चतुर्थी असेल तर तीन वाजता, एवढा साधा हिशोब, आईने लहानपणी बोटांवर शिकवलेला. तो मी तिथे लावला आणि सपशेल चुकला. मग कालनिर्णयचा फोटो मोबाईलमध्ये होता तो बघून रोजची तिथी आणि रोजची भरती वहीत लिहायला लागले, पंधरा दिवसांत लक्षात आलं की आपल्या हिशोबात साडेपाच-पावणेसहा तास मिळवले की त्यांच्या घड्याळाप्रमाणे साधारण बरोबर येतं. मी चंद्राचं चित्र काढून अवोआला दाखवलं, गोल चंद्र, बाजूला पाच वाजलेलं घड्याळ, मोठी लाट. ती चित्राकडे बघून म्हणाली, "मारेआस विवास". जिवंत भरती. आणि अर्धा चंद्र काढला तर "मारेआस मोर्तास", मेलेली. आपलं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि भांग, म्हणजे कमी पाण्याची. मी तिला दोन्ही शब्द शिकवले. "उधाण" तिच्या तोंडात छान बसला, "भांग"चा भ काही केल्या येईना, तिने चारपाचदा म्हणून बघितला.

२० मेला भाची झाली. तिकडे हॉस्पिटलमध्ये दोन दिवसांत घरी पाठवतात, मग घरात धुरी, शेक, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळं आईने बांधून दिलेलं. आठवड्याभराने मी बाळाला गाडीत घालून खाली उतरवलं आणि त्या दिवसापासून बोलायला माणसं शोधावी लागली नाहीत. गल्लीतून समुद्रापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता, त्याला चाळीस मिनिटं लागायची. "के रिकिन्या!" म्हणजे किती गोड, हे मला तिथल्या प्रत्येक बाईने सांगितलंय. किती दिवसांची, मुलगा की मुलगी, दूध पिते का, झोपते का, ह्या चार प्रश्नांची चार उत्तरं पाठ झाली.

बाळाच्या गालावर मी काजळाची तीट लावायची आणि मनगटात काळे मणी. अवोआने पहिल्यांदा तीट बघितली तेव्हा रुमालाने पुसायला गेली, डाग वाटला असेल तिला. मी हात धरला. तीट दाखवली, मग डोळे मोठे करून बाळाकडे बघणारा माणूस करून दाखवला आणि हाताने ते डोळे परतवून लावले. ती गप्प झाली. मग तिने ब्लाऊजच्या आतून गळ्यातली साखळी बाहेर काढली. तिला एक काळी कुळकुळीत मूठ लटकत होती, अंगठा पहिल्या दोन बोटांच्या मधून बाहेर काढलेला. "मल दे ओयो," ती म्हणाली आणि आपल्या डोळ्याला हात लावला. दृष्ट! त्या मुठीला तिकडे फिगा म्हणतात, काळ्या दगडासारख्या आसिबेचेची करतात, गालिसियातल्याच सान्तियागो शहरात त्याचे कारागीर आहेत पूर्वीपासूनचे. मी मणी पुढे केले, तिने फिगा पुढे केली, आम्ही दोघी रस्त्यात उभ्या. बाराव्या दिवशी बारशाला आम्ही तिला बोलावलं. तिने बाळासाठी नखाएवढी फिगा आणली आणि बहिणीने ती काळ्या मण्यांच्या शेजारीच ओवली.

खाण्याचं जास्त लिहीत नाही. अवोआच्या सुनेने एकदा शिंपल्या दिल्या, संस्थेतून विकत घेतलेल्या, पावतीसकट, आणि मी सुकं खोबरं, आईचा मसाला आणि आमसुलं घालून त्यांचं सुकं केलं. आमसूल त्यांनी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं, चाटलं, परत मागितलं. तिखटाला नाही म्हणाल्या नाहीत, पाणी प्यायल्या आणि अजून घेतलं. जेवण झाल्यावर तिकडे कोणी उठत नाही, ताटं तशीच ठेवून दीड-दोन तास बोलत बसतात, जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो त्यामुळे घड्याळाकडे बघवत पण नाही. माझ्यासाठी तेच सगळ्यात अवघड होतं. सहा बायका एकदम बोलतायत, मी कधी एक शब्द पकडतेय, कधी तोही नाही, डोकं दुखायला लागायचं. तिथे मी एकच करायची, टेबलावरची एखादी वस्तू उचलून शेजारणीला विचारायची, "कोमो से चामा इस्तो". ती सांगायची, मी मराठी सांगायची, मग ते टेबलभर फिरायचं.

पाऊस आला तेव्हा तर खूप वेळ गेला. आम्ही कॅफेच्या छपराखाली अडकलो, मी म्हणाले "चोवे", तर सून म्हणाली छे, हा "ओर्वायो". मी म्हटलं भुरभुर. मग तिने हाताने गडगडाट केला, "त्रेवोआदा". मी वादळवारा म्हटलं. मग मी रिपरिप, मुसळधार, झड सगळे हाताने करून दाखवले, झड दाखवायला किती तरी वेळ बोटं नाचवत राहावी लागली, कारण ती चार दिवस थांबत नाही हे कसं सांगणार. त्यांच्याकडे पावसाला शब्द किती आहेत! कोकणातल्या माणसाला तो गाव परका वाटूच शकत नाही.

आता जे लिहायचंय ते मला सोपं नाही.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी अवोआबरोबर धक्क्यावर बसले होते. मी विचारलं, घरात कोण कोण, हे वाक्य नवीनच शिकलेले. तिने मुलगा सांगितला, सून सांगितली, नातू सांगितला. मग खाडीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मेउ ओमे, नो मार." मेउ म्हणजे माझा, ओमे म्हणजे पुरुष, नवरा. मार म्हणजे समुद्र. आणि नो म्हणजे नाही. मला वाटलं नवरा समुद्रावर काम करणारा नव्हता, दुसरं काही करत असेल. मी हसून मान हलवली, "सी, सी" म्हटलं. ती माझ्याकडे जरा बघून परत पाण्याकडे बघायला लागली.

रात्री जेवताना मी जावयांना सहज सांगितलं. ते घास हातात धरून थांबले. म्हणाले, ताई, गालेगोत नाहीला "नोन" म्हणतात. "नो मार" म्हणजे समुद्रात.

माझा नवरा, समुद्रात.

त्या रात्री मला झोप नाही लागली. नाही आलं की आपण गप्प बसतो ते बरं, पण मला कळलंय असं समजून मी तिच्यासमोर हसले होते. सकाळी बाळाला आंघोळ घालून खाली गेले, ती दारातच लसूण सोलत होती. ॲपवर शिकलेलं "लो सिएन्तो" म्हटलं, मला वाईट वाटतं. तिने खुर्ची ओढून दिली. माझे धाकटे काका मी चौथीत असताना मचव्यासकट गेले ते परत आले नाहीत, आजी कित्येक वर्षं संध्याकाळी मागच्या दारात उभी राहायची. हे मला सांगायचं होतं आणि माझ्याकडे शब्द होते तीन. काकाला तिओ म्हणतात हे माहीत होतं. मी म्हटलं, "मेउ तिओ. नो मार." तिने सुरी खाली ठेवली. हाताला लसणाचा वास, तसेच माझे दोन्ही हात धरले आणि खूप वेळ काही तरी बोलत राहिली. त्यातलं मला काही कळलं नाही, मी मध्ये "सी" पण म्हटलं नाही.

१६ जुलैला तिकडे विर्शे दो कार्मेचा सण, ती दर्यावर्दींची माता, किनाऱ्यावरच्या गावांतून तिची मूर्ती होडीत बसवून समुद्रात नेतात. होड्या पताका लावून सजवलेल्या, भोंगे वाजतायत, धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. मला क्षणभर नारळी पौर्णिमेची आमची बंदरावरची गर्दी दिसली. अवोआने माझ्या हातात फुलं दिली, अर्धी तिच्याकडे, अर्धी माझ्याकडे. पुढे सरकून तिने तिची पाण्यात टाकली आणि मग माझ्या हाताला कोपराने ढोसलं. "तेउ तिओ," म्हणाली. तुझा काका. मी टाकली.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं, फुलांचं सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ऑगस्टात नारळी पौर्णिमेला आम्ही बंदरावर गेलो तेव्हा मी अवोआच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. अवोआ पडद्यावर आली, आईने तिला हळदकुंकू लावलेला नारळ दाखवला आणि मराठीत सांगायला लागली, हा दर्याला द्यायचा, मग होड्या जाणार. अवोआ गालेगोत बोलत होती. मी मध्ये भाषांतर करायला तोंड उघडलं तर आईने हाताने थांबवलं. मग आईनेच मला सांगितलं, तिला विचार, आज तिकडे भरती कधी. मी विचारलं. अवोआने पाच बोटं वर केली.

आई बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. "पौर्णिमा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, त्यात तुझे पावणेसहा." थांबली. "पाच. बरोबर आहे तिचं." आणि फोन तोंडाजवळ नेऊन मोठ्याने म्हणाली, "उधाण!"

तिकडून उत्तर आलं, "उधाण, उधाण!"